सायको-ऑन्कॉलॉजी
कर्करोगाचा रुग्णाच्या व कुटुंबीयांच्या मनावर होणारा परिणाम आणि मनःस्थितीचे उपचारांशी असलेले नाते अभ्यासणारी शाखा. एके काळी डॉक्टर रोगाचे नावही रुग्णापासून लपवीत. मग त्याच्या भीतीची विचारपूस कोण करणार? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जिमी हॉलंड (१९२८–२०१७) यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात मनोविकार सेवा उभारली आणि हा विषय संशोधनाच्या कक्षेत आणला. १९८४ मध्ये या शाखेची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

या शाखेचे सर्वांत उपयुक्त साधन अगदी साधे आहे : कागदावर छापलेला तापमापक. गेल्या आठवड्यातील मानसिक त्रास किती, हे सांगण्यासाठी रुग्ण ० ते १० पैकी एका आकड्याभोवती गोल करतो. सोबतच्या यादीत झोप, वेदना, पैसा, मुलांची देखभाल, रुग्णालयापर्यंतचा प्रवास अशा अडचणींवर खूण करतो. आकडा ४ किंवा अधिक असल्यास सविस्तर तपासणी होते. प्रगत अवस्थेतील रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञ विल्यम ब्राइटबार्ट यांनी व्हिक्टर फ्रँकल यांच्या जीवनाच्या अर्थाविषयीच्या विचारांच्या आधारे जीवनार्थकेंद्री मानसोपचार विकसित केला.

सकारात्मक विचारांनी कर्करोग बरा होतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही. सतत हसतमुख राहण्याची सक्ती रुग्णावर करणे अन्यायाचे आहे, असे हॉलंड यांनीही बजावले होते.