पैठणीचा खेळ

दिवेलागणीच्या सुमारास एखाद्या परक्या पुरुषाने बिऱ्हाडाचे दार ठोठवावे, कॅमेरेवाले, दिवे आणि तारांची भेंडोळी असा सारा सरंजाम घेऊन थेट बैठकीच्या खोलीत ठाण मांडावे, आणि घरच्या सुनेने सासूसासऱ्यांच्या देखत त्याला आपल्या लग्नाची हकीकत हसत हसत सांगावी, ही गोष्ट महाराष्ट्रातील पांढरपेशा शिष्टाचारात बसणारी खासच नव्हती. तथापि 2004 साली झी मराठी वाहिनीवर अवतरलेल्या ‘होम मिनिस्टर’ या खेळाने ती इतकी अंगवळणी पाडली की, पुढे सुमारे दोन दशके गावोगावच्या गृहिणी आपल्या दारावर ती थाप कधी पडते याची वाट पाहत राहिल्या.

दूरचित्रवाणीवरचा खेळ कसा असावा, याविषयी लोकांची कल्पना तोवर पक्की झालेली होती. 2000 साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे या स्पर्धापरीक्षेच्या उमेदवाराने कोटीची मजल गाठली, तेव्हापासून बहुश्रुतपणाची कसोटी आणि रकमेची चढती भाजणी हेच खेळाचे स्वरूप मानले जाऊ लागले. ‘होम मिनिस्टर’ने यांतले काहीच घेतले नाही. प्रश्न असत, परंतु त्यांची उत्तरे कोणत्याही ज्ञानकोशात सापडण्यासारखी नसत. खेळ म्हणावेत तर फुगे फुगवण्यासारखे घटकाभराचे. आणि बक्षीस म्हणून रोख रकमेऐवजी एक पैठणी.

सूत्रसंचालक आदेश बांदेकर हे दूरदर्शनच्या ‘ताक धिना धिन’ या गाण्यांच्या कार्यक्रमामुळे परिचयाचे झाले होते खरे, पण केवळ परिचयाच्या बळावर परक्याच्या उंबरठ्याआत इतका मुक्त संचार करता येत नाही. ते भावोजी झाले आणि समोरची प्रत्येक गृहिणी वहिनी झाली, यात त्यांच्या यशाचे मर्म आहे. सासरच्या गोतावळ्यात थट्टेचा परवाना असतो तो दिराला. वहिनीला चिडवावे, भावाची फजिती करावी आणि तरीही कोणाचा अधिक्षेप होऊ नये, अशी ती सोयीची जागा. बांदेकरांनी ती अचूक हेरली.

या खेळाचे पूर्वज शोधायचे तर ते विलायती स्टुडिओंत नव्हे, मंगळागौरीच्या रात्री सापडतील. झिम्मा, फुगडी, पिंगा आणि उखाणे यांचा तो जल्लोष बायकांचा बायकांपुरता, पुरुषांना मज्जाव असलेला. ‘होम मिनिस्टर’ने तोच जल्लोष दिवाणखान्यात आणला आणि ज्याचे नाव उखाण्यात घ्यायचे त्या यजमानांनाच सोफ्यावर प्रेक्षक म्हणून बसवले. एरवी चार माणसांत बायकोविषयी अवाक्षर न काढणारा गृहस्थ तिच्या हातच्या स्वयंपाकाची तारीफ करताना कानकोंडा होई, आणि सासूबाई पदर सावरून त्याच्याकडे टक लावून पाहत. मंत्रिपद बहाल केले, पण खजिन्याच्या किल्ल्या कोणाकडे, हा प्रश्न मात्र त्या बैठकीत कोणी विचारीत नसे. तेवढी सावधगिरी या खेळाने शेवटपर्यंत बाळगली.

आणि ती पैठणी! गोदाकाठचे पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान, आणि नाशिक जिल्ह्यातील येवला ही तिची माहेरघरे. अस्सल हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर, पोपट आणि कमळे रंगारंगाचे निरनिराळे धागे हाताने ताण्यात गुंफून उमटवतात, म्हणून ती उलटसुलट दोन्ही अंगांनी सारखीच दिसतात. पदर भरगच्च असला तर एकच नग महिनोन् महिने मागावर राहतो. पेशवाईत मोठ्या घराण्यांचे भूषण असलेले आणि 2010 साली भौगोलिक निर्देशांकाची मोहोर लाभलेले हे वस्त्र रोज संध्याकाळी एकीच्या खांद्यावर पडू लागले, तेव्हा ते अप्राप्य राहिले नाही, याचा विणकरांना आनंद व्हावा की खेद, हे ठरवणे कठीण आहे.

2020 च्या टाळेबंदीत दार ठोठवणेच अशक्य झाले, तेव्हा भावोजी भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून घरोघरी पोहोचले. 2022 मध्ये ‘महामिनिस्टर’ या नावाने अकरा लाखांच्या पैठणीची द्वाही फिरवण्यात आली आणि तिची यथेच्छ टवाळीही झाली. माझ्या मते ती टवाळी रास्त होती, कारण आकडा आला की खेळ पुन्हा करोडपतीच्या वाटेला लागला.

बांदेकर स्वतः 2009 साली माहीममधून विधानसभेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. वहिनींनी भावोजींना घरात घेतले तरी मतपेटीचा हिशेब निराळा निघाला. मात्र त्यांच्या खेळाची उपयुक्तता राजकारण्यांच्या नजरेतून सुटली नाही. गणेशोत्सव, नवरात्र किंवा संक्रांतीचे हळदीकुंकू यांचे निमित्त साधून ‘खेळ पैठणीचा’ मांडण्याची प्रथा शहरांच्या पेठांपासून तालुक्याच्या गावांपर्यंत रूढ झाली आहे. मंडप, ध्वनिक्षेपक आणि विनोदी निवेदक यांची तजवीज इच्छुक उमेदवाराकडे असते, आणि फलकावर पैठणीपेक्षा त्याचेच छायाचित्र मोठे असते.