पाहुणा टिकला कसा?

उपासाच्या दिवशी आपण ज्या साबुदाण्याची खिचडी करतो, तो होतो कसावा नावाच्या कंदापासून. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते आफ्रिकेत नेले आणि पुढे तेथील कोट्यवधी माणसांचे ते रोजचे अन्न झाले. आपले उपासाचे, ते त्यांचे पोटाचे.

झाड गेले, पण त्याचे काही शत्रू मायदेशीच राहिले. त्यांपैकी हिरवा कोळी १९७१ साली युगांडात प्रथम आढळला. डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा जीव पानांतील रस शोषतो. कोवळी पाने खुरटतात, गळतात आणि जमिनीतला कंद पोसत नाही. पाहता पाहता ही कीड कसावा पिकविणाऱ्या देशांत पसरली. गरीब शेतकऱ्याला औषध फवारणे परवडणारे नव्हते. तेव्हा काट्यानेच काटा काढावा, या किडीला तिच्या मायदेशी जे भक्षक कोळी खातात तेच आणून सोडावेत, असे ठरले.

नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने हे काम हाती घेतले. १९८४ ते १९८८ या काळात कोलंबियातून आणलेले पन्नास लाखांहून अधिक भक्षक कोळी शेतांत सोडण्यात आले. त्यांतली एकही जात टिकली नाही!

असे का व्हावे? कारणे दोन दिसली. एक हवामान : आफ्रिकेतील दीर्घ, कोरडा उन्हाळा त्यांना मानवला नाही. दुसरे अन्न : कीड विरळ झाली, की या पाहुण्यांना खायला दुसरे काही मिळेना.

मग शोधाची दिशा बदलली. आफ्रिकेसारखेच ऊन आणि कोरडेपणा असलेल्या ईशान्य ब्राझीलमधून काही जाती आणल्या गेल्या. त्यांतला ‘टायफ्लोड्रोमॅलस ॲरिपो’ १९९३ साली बेनिनमध्ये सोडला आणि तो रुजला. दिवसा तो कसाव्याच्या शेंड्यात दडून राहतो, रात्री पानांवर उतरून शिकार करतो. शिकार नसेल तेव्हा मक्याचे परागकण आणि झाडातून पाझरणारा रस यांवर तो दिवस काढतो. जेथे तो स्थिरावला, तेथे कंदाचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने वाढल्याचे आढळले. थंड, उंच प्रदेशात मात्र त्याचाही जम नीट बसेना. तेव्हा त्याच जातीचे, पण दक्षिण ब्राझीलच्या थंडीत वाढलेले कोळी शोधावे लागले.

सरकारी नोकरीत माणसांच्या बदल्यांचे कागद माझ्या हाताखालून जातात. तेथे आम्ही कर्तबगारी पाहतो. नव्या गावची हवा त्या माणसाला सोसेल काय, आणि पडत्या दिवसांत तो कशावर निभावेल, हे सहसा कोणी विचारत नाही. कोलंबियाचे ते कोळी शिकारीत काही कमी नव्हते. हे दोन प्रश्न विचारायचे राहून गेले, आणि तेवढ्यासाठी आफ्रिकेतील शेतकऱ्याला आणखी काही हंगाम वाट पाहावी लागली.