दोन कार्बुरेटरांची गाडी

दिल्लीहून निघालेला महामार्ग हिंडन नदी ओलांडून ज्या नगरात शिरतो ते गाझियाबाद मूळचे प्रवाशांच्या सराईचे गाव. गाझीउद्दीनाने १७४० साली ते वसविले. त्याचे लांबलचक नाव रेल्वे आल्यानंतर आखूड झाले आणि पुढे कारखान्यांनी त्याचा कायापालट केला. या परिसराच्या औद्योगिक इतिहासात दोन मोटारसायकलींची एक लहानशी कथा गुंतलेली आहे. त्यांपैकी एकीला दोन कार्बुरेटर होते आणि दुसरीला एक. पहिली अल्पायुषी ठरली, दुसरी दिगंत गाजली. परंतु आज ज्यांचा जीर्णोद्धार रसिक लोक पदरमोड करून चालवितात त्यांत पहिलीचा मान मोठा आहे.

प्रथम कार्बुरेटर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. कारण नव्या पिढीला हा शब्दच अपरिचित होत चालला आहे. पेट्रोल द्रवरूपात जळून इंजिन चालत नाही. त्याचा बारीक फवारा हवेत मिसळावा लागतो, आणि तोही प्रमाणात : वजनाने सुमारे १५ भाग हवेस १ भाग पेट्रोल. अरुंद नळीतून हवा वेगाने वाहू लागली की तेथील दाब उतरतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप वर ओढले जाते. या तत्त्वावरील फवाऱ्याचे यंत्र १८९३ च्या सुमारास जर्मनीत माइबाखने आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने सिद्ध केले. मोटारसायकलींपुरते पुढील श्रेय इंग्लंडमधील 'अमाल' कंपनीला द्यावे लागेल. १९६० साली जपानच्या 'मिकुनी' कंपनीने अमालचाच परवाना घेतला, आणि जपानी मोटारसायकलींबरोबर मिकुनीचे कार्बुरेटर जगभर पोचले.

आपल्या कथेतील पहिली गाडी जपानी कुळातली. यामाहा कंपनीने १९७३ साली 'आरडी ३५०' ही दोन सिलिंडरांची, ३४७ घनसेंटिमीटरची, सहा गिअरांची गाडी बाजारात आणली. ती ३९ अश्वशक्ती देई. इकडे दिल्लीजवळ फरिदाबादेत एस्कॉर्ट्‌स कंपनी १९६० नंतरच्या दशकात पोलंडच्या परवान्यावर 'राजदूत' बनवू लागली होती. नंदा बंधूंनी १९४४ साली लाहोरात स्थापिलेली ही कंपनी फाळणीनंतर इकडे स्थिरावली. तिची १७५ घनसेंटिमीटरची गाडी दूधवाल्यांची आणि खेडोपाडी हिंडणाऱ्या नोकरदारांची. त्याच राजदूताच्या नावाने १९८३ साली यामाहाची ही दांडगी गाडी भारतात अवतरली, तेव्हा नामसाम्यापलीकडे दोघींत काहीही साम्य नव्हते.

येथे आणताना तिचे तेज जाणूनबुजून कमी करण्यात आले. पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक गेला व ड्रम आला. शक्ती साडेतीस अश्वशक्तीवर उतरविली गेली, आणि पुढे पेट्रोलची बचत व्हावी म्हणून २७ अश्वशक्तीचा आणखी सौम्य अवतार काढण्यात आला. तरी ग्राहकांचे समाधान झाले नाही. ज्या देशात गाडी विकत घेताना पहिला प्रश्न 'लिटरला किती?' हाच असतो, तेथे दोन सिलिंडरांना दोन कार्बुरेटरांनी पेट्रोल पाजणाऱ्या गाडीचे भवितव्य सांगावयास ज्योतिषी नको होता. सुटे भागही महाग. सुमारे सहा-सात वर्षांत, दशक संपता संपता, तिचे उत्पादन थांबले.

दरम्यान १९८५ च्या अखेरीस त्याच एस्कॉर्ट्‌सने यामाहाची 'आरएक्स १००' काढली. तिच्याशी ज्याचे नाव जोडले गेले तो सूरजपूरचा कारखाना त्या काळी गाझियाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९९७ साली गौतमबुद्धनगर जिल्हा वेगळा झाला तेव्हा सूरजपूर तिकडे गेले. अवघी ९८ घनसेंटिमीटर, एक सिलिंडर, एक कार्बुरेटर, सुमारे ११ अश्वशक्ती! १९९६ पर्यंत ती निघत राहिली. हीरो होंडाची चार-स्ट्रोक गाडी त्याच वर्षी आली होती व तिची किफायत विलक्षण होती. पण वेगाचा आनंद आणि मध्यमवर्गीय खिसा यांचा मेळ आरएक्सने घातला.

मग साडेतीनशेची आठवण का टिकली? हौशी लोक तिच्या आवाजाचे व वेगाचे गुण गातात, ते खोटे नाही. परंतु तिला जिवंत ठेवण्याचे खरे श्रेय मिस्त्री लोकांकडे जाते, आणि त्यांची कसोटी इंजिनाचे काम संपल्यावर, कार्बुरेटर परत बसविताना लागते.

सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन घातले, गॅस्केट बदलली, सारे बंद केले, की नवख्याला वाटते काम झाले. जाणत्याचे काम येथे सुरू होते. दोन्ही कार्बुरेटर उघडून जेटची केसासारखी छिद्रे फुंकून साफ करावयाची. फ्लोटची उंची दोन्हीकडे सारखी पाहावयाची. इंजिनाशी जोडणाऱ्या रबरी तोट्यांना भेग असेल तर ती बदलावयाची, कारण तेथून शिरलेली चोरटी हवा मिश्रण पातळ करते. पेट्रोल जळण्यापूर्वी इंजिनाला थंडावाही देते. ते उणे पडले की उष्णता वाढते, ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो, आणि कालच केलेले बोअरिंग मातीमोल होते. म्हणून नव्या पिस्टनवर मिश्रण किंचित दाट ठेवण्याकडे मिस्त्रीचा कल असतो. धूर थोडा अधिक निघाला तरी चालेल.

त्याहून नाजूक काम दोन्हींची जोडी जुळविण्याचे. मुठीतून निघणारी केबल पुढे फुटून दोन्ही कार्बुरेटरांच्या स्लाइड उचलते, व एक फाटा तेलाच्या पंपाकडे जातो. एक स्लाइड तसूभर आधी उठली तर एक सिलिंडर ओझे वाहतो आणि दुसरा नुसता बरोबर चालतो. बैलजोडीत एक बैल अंगचोर निघावा तसे. मिस्त्री तोंडात बोट घालून दोन्ही स्लाइड स्पर्शाने ताडून पाहतो. मग गाडी चालू करून दोन सायलेन्सरांमागे दोन तळवे धरतो. दोन्ही हातांवर धक्के सारखे लागेपर्यंत स्क्रू पाव-पाव फेऱ्याने हलत राहतात. शेवटी प्लग काढून रंग पाहावयाचा : पांढुरका असेल तर धोका, काळा ओला असेल तर उधळपट्टी, फिकट तपकिरी असेल तर ठीक. या साऱ्यास पुस्तक पुरत नाही.

आता हे ज्ञान उपयोगात आणण्यास जागा उरली नाही अशी परिस्थिती आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर जवळजवळ नाहीसा झाला. गाझियाबादची अडचण आणखी वेगळी. हा जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतो. तेथील पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांना रस्त्यावर मज्जाव करणारा हरित न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी उचलून धरला, आणि २०२५ साली तो वाद पुन्हा त्याच न्यायालयापुढे गेला. हिवाळ्यात तेथील हवा ज्यांनी श्वासात घेतली आहे त्यांना या कठोरतेचे नवल वाटणार नाही. दोन-स्ट्रोक इंजिन तेल जाळते हेही खरेच. मात्र वर्षातून चार दिवस बाहेर निघणाऱ्या मूठभर गाड्यांनाही तोच दंडक लावणे न्याय्य नव्हे.

जुन्या वाहनांसाठी २०२१ साली केंद्राने स्वतंत्र नियम केले खरे. त्यांत पन्नास वर्षांची अट आहे, आणि चासी, साचा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा असेही म्हटले आहे. १९८३ ची पहिली राजदूत साडेतीनशे २०३३ साली त्या वयाची होईल. तोवर मालकाने ना-हरकत दाखला घेऊन गाडीची नोंदणी राजधानी क्षेत्राबाहेर हलवावी, नाहीतर ती अंगणात ठेवावी. आणि नवे पिस्टन बसविलेल्या गाडीला तर पहिले काही शे किलोमीटर रस्त्यावरच, हळूहळू, अधूनमधून थांबत चालवावे लागते.