संख्याशास्त्रीय संगणकप्रणालींतील आकडेमोडीचे दोष व त्यांच्या शोधाचा इतिहास (१९६७ ते २०१९)

प्रस्तावना

अर्थशास्त्र, वाणिज्य, समाजशास्त्र, जीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र यांपैकी कोणत्याही विद्याशाखेतील संशोधनात आज संख्याशास्त्रीय संगणकप्रणालींचा वापर अपरिहार्य झाला आहे. संशोधक आधारसामग्री संगणकात भरतो, एक आज्ञा देतो आणि पडद्यावर उमटलेले आकडे प्रबंधात उतरवून घेतो. सामग्री कशी गोळा केली, नमुना कसा निवडला, कोणती कसोटी लावली यांविषयी परीक्षक प्रश्न विचारतात. संगणकाने केलेली आकडेमोड बरोबर होती काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

हा विश्वास सर्वस्वी निराधार नाही, परंतु तो आपोआप मिळालेला नाही. गेल्या अर्धशतकात अनेक प्रसंगी या प्रणालींनी चुकीची उत्तरे दिली आणि प्रत्येक वेळी ती कोणीतरी स्वतंत्रपणे पडताळून पाहिल्यामुळेच उघडकीस आली. प्रस्तुत निबंधात अशा निवडक प्रसंगांचा ऐतिहासिक परामर्श घेतला आहे. संगणक अधिक शक्तिशाली झाल्यामुळे उत्तरे आपोआप विश्वसनीय झाली नाहीत. वापरकर्त्यांनी पडताळणीची शिस्त जपली म्हणून ती झाली, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

निबंधाची उद्दिष्टे

१) संख्याशास्त्रीय आकडेमोडीतील दोषांची कारणे ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे.
२) हे दोष कोणी व कोणत्या मार्गाने शोधले याचा आढावा घेणे.
३) महाविद्यालयीन अध्यापन व संशोधनासाठी त्यातून निघणारा बोध मांडणे.

१. पूर्वपीठिका : मर्यादित अंकांचे गणित

कागदावरील गणितात एक तृतीयांश ही संख्या पूर्ण अर्थाने अस्तित्वात असते. संगणकात प्रत्येक संख्येला ठराविकच जागा मिळते व उरलेले अंक गळतात. द्विमान पद्धतीत ०.१ ही साधी संख्याही नेमकी मांडता येत नाही. त्यामुळे आजच्या सर्वसाधारण संगणकावर ०.१ व ०.२ यांच्या बेरजेत ०.३ मिळवले असता येणारे उत्तर आणि ०.२ व ०.३ यांच्या बेरजेत ०.१ मिळवले असता येणारे उत्तर यांत शेवटच्या अंकाचा फरक पडतो. बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, हा शालेय नियम येथे काटेकोरपणे लागू होत नाही.

या प्रश्नाची जाणीव संगणकयुगाच्या आरंभापासून होती. जॉन फॉन नॉयमन व हर्मन गोल्डस्टाइन यांनी १९४७ मध्ये आणि ॲलन ट्युरिंग यांनी १९४८ मध्ये पूर्णांकनाच्या चुका मोठ्या आकडेमोडीत कशा साचत जातात याचा अभ्यास केला. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील जेम्स विल्किन्सन यांनी या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु हे ज्ञान गणितज्ञांच्या वर्तुळातच राहिले. संख्याशास्त्रीय आज्ञावली लिहिणारे बहुधा हस्तगणनेसाठी सोयीची असलेली पाठ्यपुस्तकातील सूत्रेच यंत्रावर चढवीत होते.

याचे सोपे उदाहरण प्रचरणाचे आहे. १००००००१, १००००००२ व १००००००३ अशा क्रमिक आठ अंकी संख्या घेतल्या, तर या तिन्ही संख्यांचे नमुना प्रचरण १ आहे, हे पाहताक्षणी कळते. पाठ्यपुस्तकातील सोयीच्या सूत्रानुसार वर्गांची बेरीज ३०००००१२०००००१४ येते व तीतून वजा करावयाची संख्या ३०००००१२०००००१२, म्हणजे पहिलीपेक्षा अवघ्या २ ने लहान असते. या दोन्ही संख्या पंधरा अंकी आहेत. यंत्र दहाच सार्थ अंक ठेवीत असेल तर दोन्ही एकरूप होतात, वजाबाकी शून्य येते आणि प्रचरणही शून्य ठरते. सूत्र बीजगणिताच्या दृष्टीने निर्दोष असते. दोष असतो तो जवळजवळ समान असलेल्या दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत. आधी मध्य काढून मग प्रत्येक संख्येचे विचलन घेतले, तर ही अडचण उद्भवत नाही.

२. लाँगले यांची तपासणी (१९६७)

अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्समधील जेम्स लाँगले यांनी १९६७ मध्ये जर्नल ऑफ द अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. लघुतम वर्ग पद्धतीच्या तत्कालीन आज्ञावलींचे मूल्यमापन वापरकर्त्याच्या दृष्टीने करणे हा त्याचा विषय होता. त्यांनी १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांची अमेरिकेतील एकूण रोजगाराची आकडेवारी घेतली. किंमत निर्देशांक, स्थूल राष्ट्रीय उत्पादन, बेरोजगारांची संख्या, सैन्यदलांचे आकारमान, चौदा वर्षांवरील लोकसंख्या आणि स्वतः वर्ष अशी सहा स्वतंत्र चले त्यांनी घेतली. समाश्रयणाचे सहगुणक त्यांनी प्रथम हस्तगणनेने काढले व नंतर तीच सामग्री निरनिराळ्या आज्ञावलींना दिली.

आज्ञावलींची उत्तरे परस्परांशी जुळेनात. काही ठिकाणी पहिला अंकसुद्धा बरोबर नव्हता, तर काही ठिकाणी चिन्हही उलटे आले होते. याचे कारण सामग्रीच्या स्वरूपात होते. राष्ट्रीय उत्पादन, लोकसंख्या व किंमती या साऱ्याच गोष्टी वर्षागणिक वाढत होत्या; राष्ट्रीय उत्पादन व वर्ष यांच्यातील सहसंबंध ०.९९ हून अधिक होता. अशा वेळी आधारसामग्रीच्या आव्यूहातील स्तंभ जवळजवळ एकमेकांवर अवलंबून राहतात. ही संवेदनशीलता मोजणारा अंक या सामग्रीसाठी, ती मूळ स्वरूपातच घेतल्यास, सुमारे ४८६ कोटी इतका येतो. याचा अर्थ असा की गणनेत जवळजवळ दहा सार्थ अंक खर्ची पडू शकतात. प्रसामान्य समीकरणे मांडली की या अंकाचा वर्ग होतो व खर्च दुप्पट होतो. सात-आठ अंकांच्या एकेरी अचूकतेवर चालणाऱ्या आज्ञावलींकडे तेवढे अंकच शिल्लक नव्हते.

यावरील उपाय गणितज्ञांजवळ तयार होता. ॲल्स्टन हाउसहोल्डर यांनी १९५८ मध्ये सुचवलेली रूपांतरण पद्धती जीन गोलब यांनी १९६५ मध्ये लघुतम वर्गांच्या प्रश्नाला लावली होती. तीत प्रसामान्य समीकरणे मांडावीच लागत नाहीत. लाँगले यांच्या लेखानंतर आज्ञावलींचे लेखक या पद्धतीकडे वळू लागले.

या प्रकरणाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. बीटन, रुबिन व बरोन यांनी १९७६ मध्ये लाँगले यांच्या मूळ आकड्यांत शेवटच्या अंकाच्या पूर्णांकनाइतकेच यादृच्छिक फेरफार करून एक हजार सामग्रीसंच तयार केले. त्यांतून मिळालेले सहगुणक अतिशय विखुरलेले होते. म्हणजेच आकडेमोड कितीही अचूक केली तरी मूळ आकड्यांत तेवढी माहितीच नव्हती. आज्ञावलींच्या उत्तरांतील तफावत हे यंत्राच्या दोषाचे जसे लक्षण असते, तसेच कित्येकदा ते अभ्यासविषयाच्या मांडणीतील दुर्बलतेचेही लक्षण असते.

३. मानकीकरण व प्रमाणित उत्तरे

संगणकांच्या अंकगणितात यंत्रागणिक असलेली भिन्नता १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाने बरीच कमी केली. या कामात विल्यम कहान यांचा वाटा मोठा होता. त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तथापि मानकाचे पालन यंत्रात प्रत्यक्ष होते की नाही हा प्रश्न उरलाच. व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना १९९४ मध्ये जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करताना पेंटियम प्रक्रियकाचा भागाकार चुकत असल्याचे आढळले. हे त्यांना कळले, कारण तीच गणना त्यांनी अन्य यंत्रांवरही करून पाहिली होती. इंटेल कंपनीला या प्रकरणापोटी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने संदर्भ सामग्रीसंच उपलब्ध करून दिले. त्यांत लाँगले यांची सामग्रीही समाविष्ट आहे. रेषीय प्रश्नांची उत्तरे पाचशे अंकांपर्यंत गणना करून पंधरा सार्थ अंकांत दिली गेली. आता कोणत्याही वापरकर्त्याला आपल्या प्रणालीचे उत्तर प्रमाणित उत्तराशी ताडून पाहता येऊ लागले. ब्रूस मॅककलो यांनी १९९८ व १९९९ मध्ये या संचांच्या आधारे प्रचलित प्रणालींची पद्धतशीर तपासणी केली. अर्थमितीय प्रणालींविषयीचा त्यांचा १९९९ चा लेख हृषीकेश विनोद यांच्या सहकार्याने लिहिलेला आहे. मॅककलो व विल्सन यांनी त्याच वर्षी एक्सेल ९७ चे दोष दाखवून दिले. प्रचरणाचे वर उल्लेखिलेले सोयीचे सूत्र एक्सेलमध्ये २००३ च्या आवृत्तीपर्यंत टिकून होते. तीस वर्षांहून अधिक काळ ज्ञात असलेला दोष जगातील एका सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत राहू शकतो, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

४. पूर्वनिर्धारित मूल्यांचा प्रश्न : हवाप्रदूषणाचा अभ्यास (२००२)

आतापर्यंतची उदाहरणे तांत्रिक वाटण्याचा संभव आहे. परंतु २००२ मधील प्रसंगाचा संबंध थेट सार्वजनिक आरोग्याशी होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील ९० मोठ्या शहरांत हवेतील सूक्ष्म कणांचा दैनंदिन मृत्युसंख्येशी असलेला संबंध अभ्यासला होता. कणांचे प्रमाण घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले की मृत्युसंख्या ०.४१ टक्क्याने वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हवेच्या गुणवत्तेची मानके ठरवण्याच्या प्रक्रियेत अशा अभ्यासांना मोठे महत्त्व होते.

या गणनेसाठी एस-प्लस या प्रणालीतील एक कार्यपद्धती वापरली होती. तीत उत्तर टप्प्याटप्प्याने सुधारत जाते आणि लागोपाठच्या दोन टप्प्यांतील फरक पुरेसा लहान झाला की गणना थांबते. तो किती लहान असावा हे वापरकर्त्याने न सांगितल्यास प्रणाली स्वतः ०.००१ हे मूल्य गृहीत धरी व जास्तीत जास्त दहा आवर्तने करी. कणांचा परिणाम मुळातच अल्प होता आणि तो ऋतुमान व तापमान यांच्याशी गुंतलेला होता. त्यामुळे उत्तर स्थिरावण्यापूर्वीच गणना थांबत होती. निकष कडक करताच ०.४१ चे ०.२७ झाले; निराळ्या पद्धतीने गणना केल्यावर ०.२१ मिळाले.

हा दोष त्याच संशोधकांनी शोधला व स्वतःहून प्रसिद्ध केला, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. कॅनडातील संशोधकांनी त्याच कार्यपद्धतीत प्रमाण त्रुटी कमी दाखवली जाते हेही निदर्शनास आणले. हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २००३ मध्ये अशा अनेक अभ्यासांची फेरगणना एकत्रितपणे प्रसिद्ध केली. प्रदूषण व मृत्यू यांचा संबंध त्यातही कायम राहिला. त्याचा आकार मात्र घटला. येथे आज्ञावलीत चूक नव्हती, यंत्रातही नव्हती. कोणीही जाणीवपूर्वक न निवडलेल्या एका पूर्वनिर्धारित मूल्याने निष्कर्षाचा सुमारे एक तृतीयांश भाग घडवला होता.

५. मुक्त प्रणाली आणि बांधणीचे प्रश्न

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी विकसित केलेल्या आर या प्रणालीची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. तिचा मूळ संहितापाठ सर्वांना खुला आहे. त्यामुळे दोष शोधणे सुकर झाले, परंतु एक नवा प्रश्नही पुढे आला. मूळ पाठ एकच असला तरी तो निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या कंपायलरने व निरनिराळ्या गणितीय ग्रंथालयांच्या साहाय्याने बांधला जातो. बेरजेचा क्रम ग्रंथालयागणिक बदलतो. जुन्या ३२ बिटी इंटेल यंत्रांत मधली उत्तरे ८० बिटांत साठवली जात, तर ६४ बिटी यंत्रांत ती सामान्यतः ६४ बिटांतच राहतात. परिणामी एकाच आज्ञेचे उत्तर दोन यंत्रांवर अखेरच्या अंकांत निराळे येऊ शकते. म्हणूनच आरच्या बांधणीनंतर चाचणीसंच चालवून मिळालेली उत्तरे अपेक्षित उत्तरांशी ताडून पाहण्याची प्रथा आहे.

या प्रथेचे मोल २०१९ मध्ये प्रत्ययास आले. फोरट्रान भाषेतील उपआज्ञावलीकडे अक्षरमजकूर पाठवताना त्याची लांबीही पडद्याआड पाठवावी लागते. सी भाषेतून फोरट्रानची ग्रंथालये वापरणारे कित्येक आज्ञावलीकार मजकूर एकाच अक्षराचा असल्याने ही लांबी वगळीत आले होते व दशकानुदशके काही बिघडले नव्हते. नव्या कंपायलरने वेग वाढवण्यासाठी त्या रिकाम्या जागेचा वापर सुरू करताच आरची काही पॅकेजेस कोसळू लागली. प्रथम कंपायलरला ती सुधारणा टाळण्याची सूचना देऊन तात्पुरता उपाय करण्यात आला. नंतर मूळ पाठात लांबी रीतसर पाठवण्याची व्यवस्था झाली. जुनी आज्ञावली चालते एवढ्यावरून ती बरोबर आहे असे ठरत नाही, हे या प्रसंगाने दाखवले.

प्रणालीचे मौनही समजून घ्यावे लागते. प्रमाणित संचांपैकी फिलिप या नावाच्या संचात ८२ निरीक्षणांना दहाव्या घाताची बहुपदी बसवावयाची असते. आरची समाश्रयण आज्ञा तिच्या पूर्वनिर्धारित सहिष्णुतेनुसार यातील एक पद गाळते व त्याच्या जागी उत्तर उपलब्ध नसल्याची खूण देते. सहिष्णुता कमी केल्यास पूर्ण उत्तर मिळते. ती खूण हा बिघाड नसून इशारा आहे. तो वाचण्याइतके ज्ञान वापरकर्त्याजवळ हवे.

निष्कर्ष

१) आकडेमोडीचे दोष चार ठिकाणी उद्भवतात : सूत्राच्या निवडीत, यंत्राच्या अंकगणितात, पूर्वनिर्धारित मूल्यांत आणि प्रणालीच्या बांधणीत. दुहेरी अचूकतेमुळे यांपैकी केवळ काहींचीच तीव्रता कमी झाली.

२) वर पाहिलेले महत्त्वाचे दोष दुसऱ्या मार्गाने गणना केल्यामुळे सापडले. लाँगले यांची हस्तगणना, नाइसली यांचे दुसरे यंत्र, हॉपकिन्सच्या संशोधकांचा कडक निकष व आरचा चाचणीसंच ही एकाच शिस्तीची रूपे आहेत.

३) उत्तरांतील तफावत दडपून न टाकता तिचा अभ्यास केल्यास मूळ सामग्रीविषयीही ज्ञान मिळते, हे बीटन व सहकाऱ्यांच्या कार्यावरून दिसते.

४) संशोधनलेखात प्रणालीचे नाव, आवृत्ती व वापरलेले निकष यांचा निर्देश असावा, तसेच महत्त्वाचा निष्कर्ष किमान दोन प्रणालींत पडताळलेला असावा. लाँगले यांची सामग्री आरमध्ये अंतर्भूतच असल्याने पदवी वर्गाच्या एका प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांना हा अनुभव विनाखर्च देता येईल. प्रमाणित संचांतील वर्षाचा सहगुणक १८२९.१५ आहे. एककांचा फरक लक्षात घेऊन विद्यार्थ्यांनी तो प्रथम योग्य आज्ञेने व नंतर प्रसामान्य समीकरणांनी काढून पाहावा. संगणकाच्या उत्तरावर विश्वास कधी ठेवावा हे शिकवणे, हा संख्याशास्त्राच्या अध्यापनाचाच भाग मानला गेला पाहिजे.