दुसरा तास

विद्यापीठाने कामगारांपर्यंत जावे, हे आता सर्वांनाच मान्य आहे. कोणत्या अटींवर जावे, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. इंग्लंडातील कामगारांनी या अटी स्वतः घातल्या होत्या. तो इतिहास आम्हांला मोलाचा वाटतो.

केंब्रिजने १८७३ पासून गावोगाव व्याख्याने सुरू केली. विद्वान येत, बोलत आणि परत जात. फी न परवडल्यामुळे गिरणीतला माणूस पुष्कळदा बाहेरच राही. १९०३ साली आल्बर्ट मॅन्सब्रिज या, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या कारकुनाने कामगार शिक्षण संघ काढला. त्या संघाच्या खटपटीने जानेवारी १९०८ मध्ये ऑक्सफर्डच्या वतीने आर. एच. टॉनी हे तरुण अध्यापक दोन गावी शिकवू लागले : शुक्रवारी चिनी मातीच्या कारखान्यांचे लाँगटन, शनिवारी कापडगिरण्यांचे रॉचडेल. विषय आर्थिक इतिहासाचा. वर्ग तीन वर्षांचा, आठवड्यास दोन तास. पहिला तास अध्यापकाचा, दुसरा शिकणाऱ्यांच्या प्रश्नांचा. शिवाय निबंध लिहिणे आलेच.

या दुसऱ्या तासात अध्यापकही शिकला. सोळाव्या शतकातील शेतजमिनीच्या प्रश्नावर टॉनींनी १९१२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेत विणकर, कुंभार, खाणकामगार यांचे ऋण त्यांनी मान्य केले आहे.

तथापि सर्वांचेच समाधान झाले नव्हते. ऑक्सफर्डमधील कामगारांच्या रस्किन कॉलेजात प्राचार्य डेनिस हर्ड यांना काढण्यात आले, तेव्हा १९०९ साली विद्यार्थ्यांनी संप केला आणि त्यातून वेगळे कामगार महाविद्यालय निघाले. विद्यापीठ कामगाराच्या विचाराची धार बोथट करील, ही त्यांची भीती. आम्हां संघटनेतल्या माणसांना ती भीती अनाठायी वाटत नाही. पण त्यावर उतारा विद्येपासून दूर राहणे हा नव्हे. दुसरा तास आपल्या हाती ठेवणे, हा होय. लाँगटनच्या वर्गातले लोक पुढे आसपासच्या खाणवस्त्यांत स्वतः शिकवू लागले. त्याच टापूत १९४९ साली कील येथे विद्यापीठीय महाविद्यालय उभे राहिले आणि १९६२ साली त्याचे विद्यापीठ झाले.

आपल्याकडे रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ही परंपरा गावोगाव पोहोचली, याचा आम्हांला अभिमान आहे. तरी चालकांपाशी एक मागणे आहे : दरवर्षी निदान एक विषय कष्टकऱ्यांना ठरवू द्यावा, आणि व्याख्यानाइतकाच वेळ त्यांच्या प्रश्नांसाठी राखावा.