खताची सोय काय?

चला, आधी 1950. तुम्ही चौदा वर्षांचे, अमेरिकेतल्या कुठल्याशा गावातले, आणि स्काउटांच्या ‘बॉइज लाइफ’ मासिकाचा ऑगस्टचा अंक नुकताच हाती आलाय. विज्ञानकथालेखक रॉबर्ट हाइनलाइनची मालिका सुरू झालीय. दोन-चार पानांत घर सुटतं आणि तुम्ही गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावर उतरता. डोक्यावर अवाढव्य गुरू. जागचा हलत नाही. पायाखाली मात्र नुसता कातळ.

बिल लर्मर हा तुमच्याच वयाचा पोरगा जमीन मिळणार म्हणून बापासोबत इथवर आलाय. जमीन मिळाली, पण तिच्यात माती नाही. यंत्र कातळावरून धडधडत जातं आणि मागे भुगा सोडतं. वाकून मूठभर उचला. बोटांना खरखरीत लागतो, वास कसलाच नाही. पहिल्या पावसाचा तो वास ज्या जिवाणूंमुळे येतो, ते इथे नाहीतच. यात गहू पेरला तर पक्षी नाहीत म्हणून दाणे वाचतील, एवढंच! मग बिल शेजारच्या मुरलेल्या शेतकऱ्याच्या रानातली जिवंत माती आणतो, तिच्यात कुजका कचरा मिसळतो आणि दुधाला विरजण लावावं तशी ती भुग्याला लावतो. पोरांच्या मासिकात एवढं चोख शेतीशास्त्र! ‘फार्मर इन द स्काय’ या नावानं ही कादंबरी त्याच वर्षी पुस्तकरूपात आली.

तिथून 2011. अँडी विअरच्या ‘द मार्शियन’ या कादंबरीत मंगळावर एकटा अडकलेल्या अंतराळवीर मार्क वॉटनीच्या तंबूत शिरा. नाक दाबा, कारण मंगळाच्या मातीत तो स्वतःची विष्ठा कालवतोय. सोबत पृथ्वीवरून आणलेली थोडी माती आणि बियाण्याला बटाटे. सोनखत आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवं नाही. वॉटनीचं इथवर बरोबर आहे. घोटाळा दुसरीकडेच आहे. फिनिक्स यान 2008 मध्ये मंगळाच्या उत्तर भागात उतरलं आणि तिथल्या मातीत त्याला परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. ते पोटात गेले तर थायरॉइडचं काम बिघडवतात. पाण्यात विरघळतात, म्हणजे माती धुऊन घेता येते. पण कादंबरीत त्यांचा पत्ताच नाही.

आता 2021, फ्लोरिडा विद्यापीठाची प्रयोगशाळा. ही गोष्ट कल्पनेतली नाही. ॲना-लिसा पॉल आणि रॉबर्ट फर्ल या शास्त्रज्ञांसमोर अपोलो 11, 12 आणि 17 या मोहिमांनी आणलेली चंद्राची माती आहे, सगळी मिळून 12 ग्रॅम. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. यांना नासाकडे तीनदा अर्ज करून अकरा वर्षं थांबावं लागलं. एकेका रोपाच्या वाट्याला एक ग्रॅम. हातमोजे घाला, जवळ या. राखाडी, पिठासारखी बारीक. पण वारा-पाऊस कधी न लागल्यानं कणांच्या कडा धारदार राहिल्यात, त्यात काचेचे आणि लोखंडाचे बारीक अंशही आहेत. बी मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपाचं. खत नाही, पोषकद्रव्यांचं पाणी तेवढं.

दोन दिवसांत सगळ्या बिया उगवतात! तुम्ही खूश. आठवडाभरानं पुन्हा डोकावा: शेजारी पृथ्वीवरच्या ज्वालामुखीच्या राखेत लावलेली रोपं तरारलीत आणि चंद्राच्या मातीतली खुरटलीत. मुळं आखूड, काहींच्या पानांवर लालसर छटा. सर्वांत वाईट हाल अपोलो 11 च्या मातीत, कारण ती अंतराळातल्या किरणांचा आणि उल्कांचा मारा सर्वांत जास्त काळ खाल्लेली. विसाव्या दिवशी रोपं खुडली, जनुकं तपासली. खारट किंवा धातूंनी बिघडलेल्या जमिनीत पिकाला जो ताण येतो, त्याच खुणा त्यांत निघाल्या. मे 2022 मध्ये निष्कर्ष छापून आले.

रोपं चाखून कोणी पाहिली नाहीत, तुम्हीही हात आवरा. आणि परग्रहावरच्या शेतीची पुढची कादंबरी उघडाल तेव्हा यानाचं इंजिन नंतर बघा, लेखकानं खताची काय सोय केलीय ते आधी तपासा.