हगामा, गर्दी आणि गॅलरी

श्रोतेहो, नगर जिल्ह्यात यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. माणसे भुईवर गोल करून बसतात. फार तर कुणी झाडावर, कुणी ट्रॉलीवर. तिथे बांधकामाच्या नियमांचे काय काम, असे आपण म्हणाल. पण 2025 साली महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर झाल्या. एवढी गर्दी आली की प्रेक्षकांना पायऱ्यापायऱ्यांनी वर बसवावे लागते, आणि माणूस भुईवरून उठून वर गेला की त्याचा भार कुणीतरी पेलावा लागतो.

तो किती धरावा? भारतीय मानकाप्रमाणे, बसवलेल्या खुर्च्या असतील तर दर चौरस मीटरला सुमारे 400 किलो. नसतील तर 500. खुर्च्या नाहीत तर भार कमी व्हायला हवा, नाही का? शिक्षकबंधूंनी हा प्रश्न वर्गात जरूर टाकावा. उत्तर सोपे आहे. खुर्ची माणसाची जागा ठरवते. ती नसली की माणसे खेटून उभी राहतात, आणि पाठ लागली रे लागली की एकदम उसळतात.

हे शहाणपण फुकट आलेले नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात आयब्रॉक्स नावाचे फुटबॉलचे मैदान आहे. 5 एप्रिल 1902 रोजी तिथल्या उंच लाकडी गॅलरीचा भाग मोडला. माणसे खाली कोसळून 25 दगावली. पुढे अशा लाकडी मचाणांऐवजी मातीचे भराव घालून पायऱ्या करू लागले. भाराचा प्रश्न मिटला म्हणायचा! पण 2 जानेवारी 1971 रोजी त्याच मैदानावर सामना संपून लोक घरी निघाले, आणि एका जिन्यावर चेंगरून 66 माणसे गेली. जिना पडला नव्हता, बरं का. उतरणारे फार होते. या दुर्घटनेच्या चौकशीनंतर ब्रिटनने 1975 साली कायदा केला: मोठ्या मैदानाला सुरक्षिततेचा दाखला हवा, आणि आत किती माणसे घ्यायची तेही त्यातच ठरायचे.

आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता 1970 साली आली. किती माणसांना किती रुंद वाट हवी, हे त्यात आहे. मात्र ती शिफारस आहे. राज्याने वा नगरपालिकेने आपल्या नियमांत घेतली तरच बंधनकारक. खरी गोम इथेच आहे.

26 नोव्हेंबर 1995 रोजी नागपुरात भारत-न्यूझीलंड सामना होता. जेवणाच्या सुट्टीत गॅलरीची एक भिंत कोसळली. सामना पाहायला आलेली माणसे मेली. खेळ मात्र पुढे चालू राहिला. मला या गोष्टीचे आजही नवल वाटते.

मुंबईचे वानखेडे स्टेडियम 2011 च्या विश्वचषकासाठी नव्याने बांधले, तेव्हा सुमारे 45 हजारांच्या जागी 33 हजारांच्या आसपासच प्रेक्षक बसतील असे झाले. एवढा खर्च करून जागा कमी केल्या, हे सांगितले तर आपल्याकडची पंचमंडळी हसतील. पण बाकांच्या जागी स्वतंत्र खुर्च्या आल्या, आणि प्रत्येकाला स्वतःची जागा मिळाली.